मुलासाठी वागणुकीचे एक पान

जून उजाडला की डहाणू-तलासरीतल्या घराघरांतून मुले बाहेर पडतात. कुणी आश्रमशाळेच्या वसतिगृहात जातो, कुणी पालघर-वसईच्या कॉलेजात, कुणी उंबरगाव किंवा वापीच्या जीआयडीसीत पहिली पाळी धरतो. मुलाने पिशवी खांद्याला लावली की बाप दोनच वाक्ये बोलतो : "नीट राहा. घराचं नाव खराब करू नको." मुलगा मान हलवतो. गाडी सुटते आणि सल्लाही फलाटावरच राहतो. नीट राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे बापाने सांगितलेले नसते आणि मुलाने विचारलेले नसते.

ज्यू समाजात यासाठी एक जुनी रीत आहे. बाप मुलाला वागणुकीविषयी पत्र लिहितो. घर, दुकान, पुस्तके कुणाला मिळावीत हे एका कागदावर, आणि माझ्यामागे माणूस म्हणून कसे वागावे हे दुसऱ्या कागदावर, अशी ही परंपरा मध्ययुगापासून चालत आली. त्यांतली काही पत्रे सातशे-आठशे वर्षांनंतर आजही वाचली जातात. त्या पत्रांतून आपल्या घरापुरते काय घेता येईल, ते इथे मांडले आहे. तुमचा देव, तुमची कुलदैवते, तुमचे सण जिथे आहेत तिथेच राहतील. घ्यायची आहे ती सांगण्याची पद्धत.

दोन बाप, दोन पत्रे

मोशे बेन नाहमान हे स्पेनमधल्या जिरोना गावचे धर्मपंडित आणि वैद्य. १२६३ साली बार्सिलोनात राजासमोर ख्रिस्ती धर्मगुरूशी त्यांचा जाहीर वाद झाला. पुढे त्यांना देश सोडावा लागला आणि १२६७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते पॅलेस्टाइनला पोचले. मुलगा नाहमान मागे कातालोनियात राहिला. या मुलाला त्यांनी तिकडून पाठवलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, ते पाच-सात मिनिटांत वाचून होते.

पत्राची रचना बघण्यासारखी आहे. बाप नम्रतेवर प्रवचन देत नाही. तो सांगतो की प्रत्येक माणसाशी, प्रत्येक वेळी, हळू आवाजात बोल. तेवढे जमले की राग आवरता येईल. राग आवरला की नम्रता हळूहळू अंगी येईल. पुस्तक मिटताना, आत्ता वाचले त्यातले काय करून बघता येईल ते शोध. सकाळ-संध्याकाळ आपल्या वागण्याची झडती घे. आणि हे पत्र आठवड्यातून एकदा वाच. मोठ्या गुणाकडे जाणारी वाट त्यांनी मुलाला आज, आत्ता, तोंड उघडताना करता येईल अशा लहानशा कृतीपासून आखून दिली.

दुसरा बाप त्याच्याही आधीचा. यहुदा इब्न तिबोन ग्रॅनाडात जन्मले, दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेल गावी स्थायिक झाले. पेशाने वैद्य, आणि अरबीतले ग्रंथ हिब्रूत आणणारे मोठे अनुवादक. मुलगा शमुएल याच्यासाठी त्यांनी लिहिलेले पत्र लांबलचक आहे आणि त्यात कुरकुर भरपूर आहे : तुझ्या शिक्षकांवर एवढा खर्च केला, एवढी पुस्तके जमवली, तू मात्र आळशी निघालास. कुरकुरीच्या मधेमधे मात्र अगदी कामाच्या सूचना येतात. पुस्तकांची यादी ठेव. कुणाला पुस्तक दिलेस तर नोंद कर, परत आले की नोंद खोड. अक्षर सुधार. लिहिलेले पत्र पाठवण्याआधी पुन्हा वाच. बायकोचा मान राख. गरीब रोग्याकडून पैसे घेऊ नको. ज्या शमुएलच्या आळसावर बाप इतका चिडला होता, त्यानेच १२०४ साली ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेसचा थोर तत्त्वग्रंथ अरबीतून हिब्रूत आणला.

दोन्ही पत्रे शेजारी ठेवली की काय करावे आणि काय टाळावे हे कळते. पहिल्याकडून थोडके लिहिणे, क्रम आणि पुन्हा वाचण्याची सवय घ्यावी. दुसऱ्याकडून बारकावा घ्यावा. कुरकुर तिथेच सोडावी.

शनवार तेल्यांचे उदाहरण

हे सगळे दूर युरोपातले वाटत असेल तर आपल्याच कोकणाकडे बघू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या स्त्री-पुरुषांचा वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. हे लोक मराठी बोलत, तेलघाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, अष्टमकर, पेणकर ही त्यांची आडनावे त्यांच्या गावांवरून आली.

कितीतरी पिढ्या या समाजाकडे धर्मग्रंथ नव्हते. मुलाला वाचून दाखवायला काही नव्हते. शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, पर आणि खवले असलेलीच मासळी खाणे आणि 'शेमा' ही छोटी प्रार्थना, एवढेच हाती राहिले होते. कोळंबी आणि चिंबोरी सगळा गाव खात असताना आपल्या ताटात ती येत नाही, हे त्या घरातला पोर रोज बघत होता. आठवड्यातला एक दिवस घाणा बंद, म्हणजे एका दिवसाची मिळकत बंद, हेही तो बघत होता. बापाने तोंडाने काही सांगितले नसेल, तरी पैशाहून मोठे काहीतरी घरात आहे हे त्याला समजत होते.

पुढे शिक्षण आले तेव्हा याच समाजाने ग्रंथही मराठीत आणले. मुंबईत हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये शाळा काढली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे मराठी अनुवाद केले. हरिदासी कीर्तनाचा बाज घेऊन बायबलमधली आख्याने मराठीत रंगू लागली. ठाण्यातले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८७९ चे आहे, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरीही ठाणे जिल्ह्यातच होते. १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, आणि नवस फेडताना पोहे, खोबरे, साखर आणि फळांचा मलिदा आजही वाटला जातो.

आपल्यासाठी यातला बोध साधा आहे. जे पानावर लिहाल, ते घरात आधी दिसायला हवे. ज्या घरात दारूची बाटली खाटेखाली असते, तिथे व्यसनावर लिहिलेल्या ओळीचा उपयोग होत नाही.

पानावर काय लिहावे

सगळे गुण एका पानावर मावत नाहीत आणि मावले तरी मुलगा वाचणार नाही. पाच बाबी पुरेत.

*एक : बोलणे आणि राग.* सुरुवात इथूनच करा, कारण याची संधी मुलाला दिवसातून दहा वेळा मिळते. 'पिर्के आवोत' या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ज्यू संग्रहात रागाच्या बाबतीत माणसांचे चार प्रकार केले आहेत : लवकर चिडणारा आणि लवकर निवळणारा, उशिरा चिडणारा आणि उशिरा निवळणारा, उशिरा चिडून लवकर निवळणारा, हा भला, आणि लवकर चिडून उशिरा निवळणारा, हा वाईट. मुलाला जवळ बसवून विचारा, "यातला तू कोणता? आणि मी कोणता?" दुसरा प्रश्न विचारायला विसरू नका. त्याचे उत्तर आले की पहिल्याचेही खरे उत्तर येते. मग पानावर लिहायची ती कृती : वसतिगृहात, कंपनीत, रस्त्यावर आवाज चढवायचा नाही; रागात मोबाइलवर काही लिहायचे नाही, सकाळपर्यंत थांबायचे.

*दोन : पैसा आणि दुसऱ्याची मजुरी.* तालमूद हा ज्यूंचा धर्मचर्चेचा जुना ग्रंथ. तो सांगतो की मेल्यानंतर माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो व्यवहाराचा : देण्याघेण्यात प्रामाणिक होतास का? धर्माभ्यासाची चौकशी त्यानंतर. ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तोरामध्ये, तर स्पष्ट आज्ञा आहे की गरीब मजुराची दिवसाची मजुरी सूर्य मावळण्याआधी त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. वजन-मापात दोन तऱ्हा ठेवायच्या नाहीत, घेण्याचे एक आणि देण्याचे दुसरे असे चालणार नाही, हेही तिथे आहे.

ही गोष्ट डहाणू-तलासरीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९४५ साली याच पट्ट्यातल्या वारल्यांनी वेठबिगार आणि बुडवलेल्या मजुरीविरुद्ध लढा दिला. झरी गावच्या सभेची आणि तलवाड्याच्या गोळीबाराची आठवण अजून घराघरांत आहे. या लढ्यात पुढे असलेल्या गोदावरी परुळेकरांनी ती 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांची मजुरी अडवली गेली, त्यांचा नातू आज मुकादम होतो, पिकअप घेतो, चिकूच्या तोडणीला माणसे नेतो, वीटभट्टीसाठी उचल वाटतो. त्याच्या पानावर ही ओळ असलीच पाहिजे : तुझ्या हाताखाली कुणी राबला तर त्याचे पैसे त्याच संध्याकाळी दे. चिकूवाडीच्या मालकाच्या मुलाच्या पानावरही तीच ओळ हवी, आणि वाडीचा काटा बरोबर आहे ना हे बघण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

सोबत आजच्या काळाची एक ओळ लिहा. फोनवरून झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नको. अडलास तर आधी घरी सांग.

*तीन : हातातला हुन्नर, आणि पोहणे.* बापाने मुलासाठी काय काय करायलाच हवे, याची तालमूदमध्ये यादी आहे. धर्म शिकवावा, लग्न लावून द्यावे, धंदा शिकवावा. आणि काही जाणते म्हणतात, पोहायला शिकवावे. त्याच ग्रंथातल्या रब्बी यहुदा या धर्मगुरूंनी (हे इब्न तिबोन नव्हेत) तर पुढे जाऊन म्हटले की जो मुलाला कामधंदा शिकवत नाही तो त्याला जणू चोरी शिकवतो. रिकाम्या हाताला चारित्र्य टिकवणे जड जाते, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्याकडे दहावी-बारावीनंतर नोकरीची वाट बघत बसलेली मुले प्रत्येक पाड्यात आहेत. वायरिंग, पंपदुरुस्ती, कलम बांधणे, वेल्डिंग, शिवणकाम, काहीतरी एक हाताला हवेच. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण मुलांना द्यावे. लग्नघरच्या भिंतीवर बायका काढत ती चित्रे त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली, आणि मुलांच्या हातीही ब्रश दिला.

पोहण्याचे तर अक्षरशः घ्या. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कुर्झे धरण आणि पावसाळ्यात फुगणारे ओढे. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनी गेल्या. मुलगा असो वा मुलगी, घर सोडण्याआधी पोहता यायला हवे. धोक्याच्या जागी धीर धरणारा आणि दुसऱ्याला हात देणारा माणूस तयार व्हायचा असेल, तर पाण्यात उतरण्याची सवय उपयोगी पडते.

*चार : दारू आणि गाडी.* ज्यू घरात शुक्रवारी रात्री आशीर्वाद म्हणून द्राक्षरसाचा किंवा वाइनचा पेला फिरतो. तिथे पिण्याला वेळ आहे, जागा आहे, मोजमाप आहे आणि घरातली सगळी माणसे समोर असतात. आपल्याकडेही ताडीला सणाचे आणि देवाचे स्थान होते. दमण आणि सिल्वासाची बाटली मात्र कसलीच वेळकाळ मानत नाही. पानावर उपदेश नको, एक स्पष्ट ओळ हवी : प्यायलेल्या माणसाच्या गाडीवर बसायचे नाही, मग तो सख्खा मामा का असेना. तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. ही ओळ का हवी ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मुलगा अठराच्या आतला असेल तर किल्ली तुमच्याकडेच ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

*पाच : घरची माणसे.* यहुदा इब्न तिबोनने बायकोचा मान राखायला बजावले, ते उगीच नाही. चारचौघांत गोड बोलणारी माणसे घरात शिरताना चेहरा बदलतात. मुलाच्या पानावर आईसाठी, बहिणीसाठी आणि पुढे येणाऱ्या बायकोसाठी एकेक कृती लिहा. आईला आठवड्यातून एक फोन. बहिणीच्या शिक्षणाला घरात कुणी आडवे आले तर तिच्या बाजूने उभे राहणे. स्वतःचे ताट स्वतः धुणे.

कसे लिहावे

पान एकच असावे, वहीच्या कागदाएवढे. दुसरे पान लागले तर कुरकुर शिरली समजा.

गुणाचे नाव न लिहिता कृती लिहा. 'प्रामाणिक राहा' यावर मुलगा मान हलवतो. 'उसने घेतले की त्याच दिवशी वहीत नाव, रक्कम आणि तारीख लिही' यावर त्याला वही घ्यावी लागते.

तुलना करू नका. शेजारच्याचा मुलगा, मामाचा मुलगा, वर्गात पहिला आलेला मुलगा, कुणीच या पानावर नको.

स्वतःबद्दल एक खरी ओळ लिहा. तुम्ही काय सांभाळायला शिकलात, किंवा अजून काय जमत नाही, ते. बापाला सगळे जमते असे मुलगा आठवीनंतर मानत नाही. तुम्ही मानत असल्याचे दाखवले तर उरलेले पानही तो मानणार नाही.

चूक सांगायची वाट मोकळी ठेवा. काय केले तर घराबाहेर काढीन, हे लिहिण्यात अर्थ नाही. काय झाले तरी घरी येऊन सांगू शकतोस, हे लिहिलेच पाहिजे.

लिहिता येत नसेल तर अडून बसू नका. धाकट्या मुलीला सांगा, ती लिहील. वारलीत, धोडियात, मांगेलीत, गुजरातीत, घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत सांगा. मोबाइलवर आवाज भरून पाठवलात तरी चालेल, पण कागदावरही उतरवून घ्या. फोन बदलला की आवाज हरवतो. मुलाचा बाप नसेल किंवा घरी नसेल तर आईने लिहावे, आजाने लिहावे, मोठ्या भावाने लिहावे. आणि मुलीलाही पान द्या. वर पोराचे म्हणून जे जे लिहिले, ते तिलाही तितकेच लागू आहे.

नमुना

खालचे पत्र जसेच्या तसे उतरवू नका. तुमच्या घरचे तपशील घाला. चिकूवाडीत काम करणाऱ्या बापाने अकरावीला बाहेर जाणाऱ्या मुलाला लिहिले, असे समजून हे तयार केले आहे.

चि. बाळास आशीर्वाद.

तू आता बाहेर राहणार. सांगायचे थोडेच आहे, म्हणून लिहून देतो.

कुणाशीही बोलताना आवाज चढवू नको. मेसच्या मावशीशी, वॉचमनशी आणि सरांशी एकाच सुरात बोल. राग आला तर त्या रात्री फोनवर काही लिहू नको. मला लवकर राग येतो हे तुला माहीत आहे. मी आता रागात असलो की आधी वाडीला एक फेरी मारतो आणि मग बोलतो. तू तुझी युक्ती शोध.

महिन्याचे पैसे देईन त्यात भागव. उसने घेतलेस तर वहीत लिही आणि सांगितलेल्या दिवशी परत कर. दिवस चुकणार असेल तर आदल्या दिवशी जाऊन सांग.

सुट्टीत तू माणसे घेऊन तोडणीला जाशील, तर त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी दे. तुझा आजा सांगायचा, मजुरी उद्यावर गेली की रात्रीची भाकर अर्धी व्हायची.

दिवाळीच्या सुट्टीत काकाकडे पंप बांधायला शीक. शिक्षण सोडायला सांगत नाही. हाताला काम येत असले की माणूस कुणाच्या पाया पडत नाही.

प्यायलेल्याच्या गाडीवर बसू नको. रात्री अडकलास तर फोन कर, मी येईन. का अडकलास ते दुसऱ्या दिवशी विचारीन.

आईला रविवारी फोन कर. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

चूक झाली तर घरी ये आणि स्वतः सांग. दुसऱ्याकडून कळले तर वाईट वाटेल. तू सांगितलेस तर मार्ग काढू.

हे पान रविवारी फोन करण्याआधी एकदा वाच.

तुझा बाबा

पान दिल्यावर

पान हातात देताना भाषण करू नका. वाचून दाखवा, दोन मिनिटे थांबा, एखादी ओळ मुलाला पटत नसेल तर ऐकून घ्या. पटवून दिलीत तर राहू द्या, नाहीतर खोडा. त्याने खोडायला लावलेली एक ओळ बाकीच्या सगळ्या ओळी टिकवते.

ज्यू मुलगा १३ वर्षांचा झाला की त्याचा बार मित्झ्वा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने जबाबदार होण्याचा विधी, होतो. त्या दिवशी बाप सर्वांसमोर देवाचे आभार मानतो, की याच्या वागण्याची जबाबदारी आता माझ्यावरून उतरली. पुढे जे करेल ते त्याचे. हे कठोर वाटते, पण यात मुलाचा मान आहे. आपल्याकडे पंचविशीच्या मुलाच्या वतीनेही बाप माफी मागतो. दहावी किंवा बारावीच्या निकालानंतर एक दिवस ठरवून मुलाला सांगा : इथून पुढे तुझा शब्द तुझा, मी मधे पडणार नाही. मग खरोखर मधे पडू नका.

ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी बाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. आठवडाभर कसे वागलात याचा हिशेब त्या क्षणी मागितला जात नाही. आपला मुलगा सुट्टीला घरी आला की मार्क, पैसे आणि मोबाइल यांची चौकशी जेवणानंतर करा. आधी डोक्यावर हात ठेवा.

पानातले वागणे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मैमोनिदेसने दानाच्या बाबतीत लिहिले आहे की हजार नाणी एकाच माणसाला एकदाच देण्यापेक्षा हजार वेळा एकेक नाणे देणारा खरा उदार होतो, कारण हाताला देण्याची सवय लागते. मुलाने एकदा मोठा पराक्रम करावा अशी अपेक्षा धरण्यापेक्षा तो रविवारचा फोन चुकवत नाही ना, एवढे बघा.

मुलाला आवड असेल तर त्याला एक तक्ताही करता येईल. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने तेरा गुण निवडले, प्रत्येकाला एक आठवडा दिला, चुकले की तक्त्यावर ठिपका काढला. वर्षात चार फेऱ्या होत. गंमत म्हणजे ही हकीकत ज्या आत्मचरित्रात आहे, त्याची सुरुवातही त्याने १७७१ साली मुलाला लिहिलेल्या पत्राने केली. पुढे १९ व्या शतकाच्या आरंभी पूर्व युरोपातल्या मेनाहेम मेंडेल लेफिन यांनी हीच पद्धत ज्यू वाचकांसाठी हिब्रूत आणली. आपल्याला तेरा नकोत. पानावरच्या पाच बाबी, दर आठवड्याला एक, सहाव्या आठवड्यात पुन्हा पहिली. तक्ता मुलाचा, तो मागून बघायचा नाही.

मुलगा चुकेल तेव्हा पानाचा दाखला देऊ नका. "लिहून दिलं होतं ना?" हे वाक्य एकदा जरी तोंडून गेले तरी पान कोर्टाच्या नोटिशीसारखे होऊन बसते. त्याऐवजी विचारा, "आता काय करायचं ठरवलंयस?" ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे मुलाला स्वतः जाऊ द्या. ज्यू धर्मात वर्षातला सर्वांत मोठा उपास योम किप्पूरचा. माणसाने माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय त्या दिवसाच्या प्रार्थनेनेही तो धुतला जात नाही, असे त्यांचे शास्त्र सांगते. उसने बुडवले असेल तर आधी पैसे परत, मग देवळातला नारळ.

पानाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढच्या जूनमध्ये, मुलगा पुन्हा निघण्याच्या आधी, दोघांनी ती काढून बसा. त्याला सांगू द्या की यातले बाबाने वर्षभर किती पाळले. आवाज किती वेळा चढला, कुणाची मजुरी राहिली, आईशी कसे बोललात. उत्तर ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि मग दोघांनी मिळून पुढच्या वर्षाचे पान लिहा. या वेळी वर दोघांची नावे घाला.